दुसरी पारी कोणाची?

पाहुणे आपल्या देशात येतात, आपल्या मैदानावर खेळतात, आपल्या हातचं जेवतात आणि आपल्यालाच एका डावानं हरवून पुढच्या शहराला निघून जातात, याला काय म्हणायचं? मी याला अन्याय म्हणालो. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि हा शब्द माझ्या गालात सुपारीसारखा कायम असायचा. भंडाऱ्याला कॉलेजात होतो. वसतिगृहाच्या वरणात डाळ नाही, अन्याय. फाट्यावर एसटी थांबत नाही, अन्याय. वाचनालय दुपारी बंद, घोर अन्याय. प्रत्येक अन्यायावर मी एक पत्रक काढलं होतं. वरणात डाळ काही आली नाही, पण पत्रक कसं लिहायचं ते मला आलं.

ते शिकवलं भंडाऱ्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं. त्यांचं म्हणणं असं की मथळा एवढा मोठा पाहिजे, की चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही राग आला पाहिजे. पहिल्याच ओळीत प्रश्न विचारायचा. आणि ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचं नाव चुकूनही घ्यायचं नाही. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. हा शेवटचा नियम मी फारच मनावर घेतला, आणि त्यानंच मला गावासमोर उभं केलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो होतो. आमचं गाव अड्याळ आणि कोंढ्याच्या मधलं, तलावाखालचं. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्या तलावाचे पाणकर होते. तलावाच्या बांधात पाणी सोडायचं दगडी तोंड असतं, त्याला तुडुम म्हणतात. ते उघडलं की पाणी पाटात उतरतं आणि एकेका बांधीतला, म्हणजे शेताच्या एकेका तुकड्यातला, धान पाजत खाली शेवटच्या शेतापर्यंत जातं. कोणाला किती वेळ पाणी, कोणानंतर कोण, हे पाणकर ठरवतो. पाण्याच्या या पाळीला आमच्याकडं पारी म्हणतात. आमच्या जिभेला ळ झेपत नाही. डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा होतो आणि पाळीची पारी. रेडिओवरचा हिंदी समालोचकसुद्धा 'भारत की पहली पारी' असं म्हणायचा. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस आपल्या पवनीकडचाच असला पाहिजे.

गावात धड वाजणारा ट्रांझिस्टर एकच, तो मोठेबाबांचा. आणि तो धड वाजायची जागाही एकच, तलावाचा बांध. घरात घेतला की नुसता भाकरी थापल्यासारखा आवाज. म्हणून पारी सुरू असताना मोठेबाबा बांधावर मोहाच्या झाडाखाली बसत, तुडुमाची राखणही व्हायची आणि क्रिकेटही. त्या वर्षी मालिकेचा पहिला कसोटी सामना आणि पाण्याची पहिली पारी नेमकी एकाच वेळी आली. आम्ही दोघं चार दिवस मोहाखाली होतो.

काय सांगू! आमचे वरचे दोघं तर आमचा चहा बांधावर येईपर्यंतही टिकले नाहीत. मधले आले तसे गेले. ज्यांचं काम बॉल टाकायचं, त्या शेवटच्या दोघांनी तासभर बॅट धरली, त्यात एकाच्या बोटाला लागलं. फॉलोऑन बसला. पुन्हा तेच वरचे, पुन्हा तेच मधले. चौथ्या दिवशी आठवा गडी गेला तसे मोठेबाबा उठले, पायानं दट्ट्या दाबून तुडुम बंद केलं, रेडिओचा कान पिळला आणि म्हणाले, "चाल."

वाटेत खालच्या बांध्यांकडं एकदाही न पाहता ते घरी आले आणि सरळ माजघरात गेले. तिथं धान साठवायची ढोली होती, बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, माणसाएवढी उंच. त्यांनी वरचं झाकण काढलं आणि रेडिओ कातडी कव्हरासकट आत धानात खुपसला.

मोठी माय चुलीपाशी होती. "काय ठेवून राहिले जी त्याच्यात?"

"रेडिओ."

"धानात?"

"या घरात आता क्रिकेट नाई. म्या बोललो म्हंजे बोललो."

"अन् बातम्या?"

"बातम्या बी नाई."

"बरं," मोठी माय म्हणाली. "पर धान गिरनीवर नेतानी आठवन करून द्या. नाईत त्याचे बी तांदूर निघतीन."

मोठेबाबा हसले नाहीत. मला धास्ती बसली, कारण त्यांचं 'बोललो म्हंजे बोललो' सगळ्या गावाला माहीत होतं. पाणकराचा शब्द फिरला तर पाणी कोणाच्याच बापाचं राहत नाही, असं ते म्हणत. एकदा त्यांनी सांगितलं होतं की आज पाट दिवस बुडेस्तोवर चालेल. दिवस बुडाला तेव्हा त्यांची स्वतःचीच बांधी अर्धी भरायची होती. त्यांनी पाट बंद केला. मोठ्या मायनं आठ दिवस त्यांना कण्यांचा भात घातला, तरी शब्द फिरला नाही.

आणि आता तर त्यांनी दोन शब्द देऊन ठेवले होते. घरात क्रिकेट नाही, हा एक. दुसरा चावडीवर दिलेला: पाण्याची दुसरी आणि शेवटची पारी येत्या बुधवारी सुरू होईल, नेहमीसारखी तुडुमाकडून. तलाव त्या वर्षी अर्धाच भरला होता. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान लोंबीवर आला होता. हे पाणी मिळालं तर धान, नाहीतर तणस, नुसता पेंढा.

दुसरा कसोटी सामनाही बुधवारीच होता. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"मोठेबाबा, एक हरलो म्हणून काय झालं? अजून चार आहेत."

"बैलायले पानी दाखवलं का?"

"दाखवलं. या वेळी टीम बदलतील, बघा. वरचा एक तरी बदलतीलच."

"पुन्हा दाखव."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा टीमवर राग आहे. राग मला चांगला कळायचा, तोच माझा विषय होता. आणि रागावरचा उपाय मला पाठ होता: संघटन! बुधवारी सकाळी मोठेबाबा तुडुम उघडायला बांधावर येणारच. तिथं दहा-वीस क्रिकेटवेडी माणसं पोती अंथरून बसलेली दिसली, सगळ्यांनी मिळून 'रेडिओ आणा' म्हटलं, तर किती वेळ नाही म्हणतील? घरातला शब्द घरात पाळा, बांधावर जनता आहे! मी रात्रीतून पत्रक लिहिलं. मनातल्या मनात ते एकाच माणसासाठी होतं. मोठेबाबांच्या हाती ते बाजारातून पडावं, त्यांनी वाचावं आणि त्यांचं काळीज हलावं, असा बेत.

पत्रक असं होतं:

पारी गेली! हिंमत गेली नाही!!

बंधू-भगिनींनो, पहिल्या पारीत आपलं काय झालं हे तुम्ही विसरलात काय? वरच्यांनी सगळं मातीत घातलं. मधल्यांनी नुसते हात हलवले. सारा भार पडला शेवटच्यांवर, आणि शेवटच्यांच्या पदरात काय पडलं? काहीही नाही! ज्यांच्या हाती निवड आहे ते म्हातारे सावलीत बसून राहिले. त्यांचं लक्ष कुठं होतं? आता रडायचं नाही. दुसरी पारी आपलीच! बुधवारी सकाळी दहाच्या आत सर्वांनी तलावाच्या बांधावर जमावं. येताना प्रत्येकानं एक पोतं आणावं. एकजुटीनं बसू. शेवटपर्यंत हलायचं नाही!

आपला, एक संतप्त तरुण.

पवनीच्या छापखान्यात नेलं. तिथं मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाच्या जाहिरातींतून उरलेला गुलाबी कागद होता, त्यावर छापायचं ठरलं. जुळारी म्हातारा होता, मान वाकडी करून अक्षरं जुळवायचा. त्यानं पूर्ण वाचलं आणि विचारलं, "हे कायबद्दल हाये?"

"वाचणाऱ्याला कळेल."

"म्या वाचलं ना. मले नाई कळलं."

"तुम्हाला लागलं नाही, म्हणून कळलं नाही," मी म्हणालो. आज हे वाक्य आठवलं की कान गरम होतात. अख्ख्या पत्रकात क्रिकेट हा शब्द एकदाही नव्हता. नियमच तसा होता.

अड्याळच्या बाजारात आमचं सगळं गाव येतं. मी मिरचीच्या ओळीच्या तोंडाशी उभा राहून वाटलं. असा प्रतिसाद मला भंडाऱ्यात कधी मिळाला नव्हता! लोक थांबून वाचत होते. न वाचता येणारे वाचून घेत होते. घडी घालून टोपीत, कनवटीला ठेवत होते. एकानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "लई दिसानं कोनी तरी खरं बोललं गा," तो म्हणाला आणि त्याचे डोळे पाणावले. मला वाटलं, केवढं हे क्रिकेटप्रेम! आणि आपण या जनतेला अडाणी समजत होतो!

बुधवारी नऊलाच बांधावर गेलो. चाळीस-पन्नास माणसं होती. बायाही होत्या. प्रत्येकाकडं पोतं होतं. माझी छाती भरून आली. मग दिसलं की पोत्यांबरोबर फावडेही आहेत. आणि बरीच पोती मातीनं भरून तोंडं बांधलेली आहेत. मी म्हटलं, असेल, बसायला मऊ केलं असेल.

सगळ्यांच्या पुढं होती शेवटच्या बांधीची काकी. तिचा नवरा तुमसरकडं खाणीवर कामाला, शेती तीच करायची. तिला वाचता येत नव्हतं. पत्रक तिनं बाजारातून येताना तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतलं होतं, एकानं फसवलं तर दुसऱ्याकडून कळावं म्हणून. तिघांनी तेच वाचलं. त्यामुळं तिचा पक्का विश्वास बसला होता.

"आला गा आमचा वकील," ती मला पाहून म्हणाली. "सांग आता, पोते कुठी टाकाचे? पयल्याच तोंडावर टाकून पाट दाबाचा का मधात?"

"टाकायचे कशाला? अंथरायचे."

"पाटात?"

तेवढ्यात दुकानदार पुढं सरसावला. तुडुमाला लागून त्याचं शेत, गावात किराणा. तो दोन्ही पोरांना घेऊन आला होता आणि त्याच्याकडं पोतं नव्हतं. "का बे," तो माझ्यावर ओरडला, "वरच्यायनं सगरं मातीत घातलं म्हंते? मातीत नाई घालाचं त का अंगनात घालाचं? धान हाये तो!"

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"मंग वरचा कोन हाये दुसरा? तुडुमापासी माहंच वावर हाये!"

गुलाबी कागद मी शेजारच्याच्या हातून ओढून घेतला आणि काकीच्या डोळ्यांनी पुन्हा वाचला. वरचे, मधले, शेवटचे. सावलीत बसलेले म्हातारे. दुसरी पारी आपलीच. एकेक शब्द पाटातून वाहत आल्यासारखा दिसायला लागला.

आणि मोठेबाबा आले. खांद्यावर दुपट्टा, हातात तोच गुलाबी कागद. गर्दीनं वाट दिली. ते मोहाखाली आले, पण बसले नाहीत.

"हे तूच लिवलं?"

"हो."

"वरचे म्हंजे कोन?"

"ओपनर, मोठेबाबा."

"हे कोन बाप्पा ओपनर?" दुकानदारानं विचारलं. "सोड्याची बाटली उघडाचे?"

"मधले?"

"मधल्या फळीचे. चौथ्या-पाचव्या नंबरवर येतात ते."

"अन् शेवटचे?"

"बॉलर. त्यांना शेपूट म्हणतात."

"शेपूट कोनाले म्हंते रे?" काकीनं फावडा उचलला.

मोठेबाबांनी हात वर करून तिला थांबवलं. पुढचा प्रश्न त्यांनी हळू विचारला. "अन् हे म्हातारे? सावलीत बसलेले? ज्यायचं ध्यान नव्हतं?"

"निवड समिती," मी म्हणालो. "टीम निवडणारे. मी तुम्हाला..."

"पोतं कायले?"

"बसायला."

चाळीस-पन्नास माणसांनी आपापल्या पोत्याकडं पाहिलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा बांध हसायला लागला. एकजण तर आपल्या मातीच्या पोत्यावर बसून दाखवायला लागला, "बसलो गा! सांग आता, कितीक रन झाले?" दुकानदाराला सगळ्यात जास्त हसू आलं. अपमान टळला होता आणि पाणीही वाचलं होतं. तो म्हणाला, "चाला, उघडा तुडुम. तुडुमाकडून."

काकी तेवढी हसली नाही. "थांबा," ती म्हणाली. "ह्या क्रिकेटात पारी कशी असते, ते सांग मले."

"काकी, जाऊ द्या..."

"तीन जनायकडून वाचून घेतलं म्या. आता चवथा सांगन. सांग."

मी सांगितलं. दोन टीम. एकीची पारी, मग दुसरीची, मग पुन्हा पहिलीची, मग दुसरीची. जिच्या धावा जास्त ती जिंकली. "पण समजा, एकीची पहिली पारी फारच कमी भरली. दुसरीपेक्षा दोनशेनं मागं राहिली. मग तिला लगेच, लागोपाठ, दुसरी पारी घ्यायला लावतात. त्याला फॉलोऑन म्हणतात."

काकीचे डोळे बारीक झाले. "म्हंजे ज्याची पयली पारी भरली नाई, त्याले दुसरी पयले?"

"हो."

"मंधात दुसऱ्या कोनाले नाई?"

"नाही."

"अन् हे कोनाच्या मर्जीनं, का कायदा हाये?"

"कायदा आहे काकी. पुस्तकात आहे." समोरच्या कप्तानाची मर्जीही लागते, हे मी सांगितलं नाही.

"कोनं केला? साहेबायनं?"

"हो."

"मंग साहेबाले अक्कल होती," काकी म्हणाली आणि मोठेबाबांकडं वळली. "का जी पानकर, चार-चार दिवस आयकता ना तुमी हे? हा कायदा तुमाले मालूम होता?"

मोठेबाबा चाचरले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा चुकलेल्या पंचासारखा झालेला पाहिला. "अवो काकी, तो कायदा त्याले हरवासाठी हाये. जितवासाठी नाई."

"हरो का जितो, पारी त भेटते ना!"

जगभर जाणकार या नियमावर डोकं घासत असतील; आमच्या बांधावर तो एका वाक्यात निकालात निघाला.

मोठेबाबा उभे होते ते तसेच पाटाच्या धुऱ्यानं, मातीच्या उंच कडेवरून, खाली चालायला लागले. मागं काकी, मागं सगळा गाव, मागं मी. तुडुमाजवळचा धान दाट, हिरवा-पिवळा, मान खाली घातलेला. मधला बरा. शेवटच्या दहा-बारा बांध्यांत मात्र लोंब्या ताठ उभ्या होत्या, कारण आत भार नव्हता. जमिनीच्या भेगेत टाच जाईल एवढी फट. मोठेबाबांनी एक लोंबी तोडली, दाणा नखात दाबला. दुधाचा एक ठिपका आला, तोही पातळ.

त्यांनी नख दुपट्ट्याला पुसलं.

"चवथ्या दिवसी पानी इथं पोचाचं होतं," ते म्हणाले. "म्या पाट चालून पाहाले पाहिजे होता. नाई आलो."

"काहून?" काकीनं विचारलं.

"फॉलोऑन बसला होता."

कोणी हसलं नाही.

"आठ गडी गेले तव्हा म्या तुडुम बंद केलं. मनात म्हटलं, पोचलं असन."

मला एकदम आठवलं, त्यांनी पायानं दट्ट्या दाबला तो. मी त्यांच्या शेजारीच होतो. पाणी कुठवर गेलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी तर आठव्या गड्याला शिव्या देत होतो. त्यांचं लक्ष कुठं होतं, असं मोठ्या टायपात छापणारा संतप्त तरुण त्याच सावलीत, त्याच रेडिओला कान लावून बसला होता. आणि धानात पुरलेला तो रेडिओ टीमवरच्या रागानं पुरलेला नव्हता. घरी येताना म्हातारा शेवटच्या बांध्यांकडं न पाहता का चालला होता, तेही मला आता कळलं. पत्रक त्यांना लागलं होतं. बरोबर लागलं होतं. फक्त तिथं नेम मी धरलाच नव्हता.

"काकी," मोठेबाबा म्हणाले, "तुमाले फॉलोऑन. दुसरी पारी शेवटापासून. इथून भरत भरत वर जाऊ."

दुकानदार भडकला. "पर तुमी चावडीत बोलले होते! तुडुमाकडून म्हने! पानकराचा शब्द हाये का पोट्ट्यायचा खेर?"

"बोललो होतो. चुकलो. गावासमोर बोललो होतो, गावासमोरच फिरवतो."

"मंग आमी का करावं?"

"तुमची पारी भरली. तुमी आता पॅव्हिलियनमदी बसा."

पॅव्हिलियन म्हणजे काय हे दुकानदाराला ठाऊक नव्हतं, पण बसायचं आहे एवढं कळलं. त्याच्या धाकट्या पोराला हसू फुटलं, म्हणून त्यानं त्याच्या पाठीत एक घातली. मग मातीनं भरलेली ती पोती वरच्या शेतांच्या तोंडावर पडली, एकावर एक, पाट मोकळा झाला आणि तुडुम उघडलं. शेवटच्यांनी दोन दिवस तयारी केली होती. काम अर्ध्या तासात झालं. माझ्या आयुष्यात माझ्या पत्रकामुळं एवढं नीट झालेलं हे एकच काम, आणि ते मी सांगितलेलं नव्हतं.

मोठेबाबा काकीच्या धुऱ्यावर बसले. दहा वाजून गेले होते. ते सूर्याकडं पाहत, मग पाटाकडं, मग पुन्हा सूर्याकडं.

"टॉस झाला असेल," मी म्हणालो.

"चूप."

काकीनं ऐकलं. "अन् रेडिओ कुठी हाये?"

"धानात," मी म्हणालो.

"कोनाच्या धानात?"

"ढोलीत. घरात क्रिकेट नाही, असं ते बोललेत."

"म्या बोललो म्हंजे..." मोठेबाबांनी सुरुवात केली आणि थांबले. अर्ध्या तासापूर्वीच काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"हे का घर हाये?" काकी म्हणाली. "हे माहं वावर हाये. आना रेडिओ. पर बांधावर जाऊन नाई आयकाचं. इथं बसाचं, माह्या शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर. पानी आलं का नाई ते डोऱ्यानं दिसन, अन् तुमचं ते कानानं."

मोठेबाबा नाही म्हणाले नाहीत, एवढं मी पाहिलं आणि पळालो.

मोठ्या मायनं खांद्यापर्यंत हात घालून ढोलीतून रेडिओ उपसला. "धर तुहं पीक," ती म्हणाली. धुऱ्यावर आणून लावला तर आधी पाठीमागून मूठभर धान सांडलं, मग खरखर, मग लांबून हिंदी. खालच्या अंगाला आवाज पोचत नव्हता. तेव्हा फावड्याच्या दांड्याला रेडिओ टांगून कोणीतरी उभं धरायचं ठरलं. हात दुखला की दुसऱ्यानं धरायचं. मी तासभर धरला. दुकानदारसुद्धा 'पाहाले आलो' म्हणून आला आणि त्यालाही धरायला लावला.

आपली फलंदाजी होती. वरचा एक गेला, लवकरच. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. मोठेबाबा धुऱ्यावरून उठून पाट बघायला गेले होते. परत येऊन त्यांनी विचारलं, "कोन गेला?" सांगितल्यावर म्हणाले, "मधल्या बांधीपावतर आलं पानी." दोन्ही बातम्या एकाच सुरात.

असे पाच दिवस गेले. दुपारच्या आत पहिल्या दिवशी काकीच्या बांधीत पाणी शिरलं, भेगा आधी गुटगुट प्यायल्या आणि मग पाणी वर दिसायला लागलं. काकी घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून विचारायची, "आता कोनाची पारी हाये?" तिसऱ्या दिवसापासून तिला नो बॉल कळायला लागला. कळला म्हणजे, पाय पुढं टाकला की गुन्हा, हे तिला पटलं. धुरा कोरणाऱ्यांनाही असाच दंड पाहिजे, असं ती म्हणाली. पाचव्या दिवशी पाणी वर दुकानदाराच्या शेतात पोचलं, थोडंसं, आणि सामना अनिर्णित राहिला.

मी खवळलो. जिंकता आला असता! शेवटच्या दोन तासांत गोगलगायीसारखे खेळले! मी तिथंच धुऱ्यावर कागद काढला.

मोठेबाबा रेडिओच्या कव्हरातले दाणे टिपत होते. "लिही," ते म्हणाले. "पर छापाच्या आंधी काकीले वाचून दाखव."

मी लिहिलं आणि वाचायला लागलो, "बंधू-भगिनींनो, आपण जिंकत असताना..."

"आपन म्हंजे कोन?" काकी.

"आपली टीम."

"त्याच्यात कोंढ्याचा कोनी हाये?"

"नाही."

"अड्यारचा?"

"नाही."

"मंग आपन कसे?"

पत्रकांत 'आपण' लिहायला कोणी कधी कारण विचारलं नव्हतं. मोठेबाबांनी दाणे मुठीत घेतले, काकीच्या पदरात टाकले आणि म्हणाले, "पाच दिवस आयकलं ना आपन, काकी. आयकनारे बी त्याच्यातलेच."

काकीनं दाण्यांना पदराची गाठ मारली. खाली तिची बांधी पाण्यानं चकाकत होती.

"मंग राहू दे," ती मला म्हणाली. "पर 'जितत होतो' नोको लिहू. जितलो नाई आपन. वाचलो." आणि फावडा खांद्यावर टाकता टाकता मोठेबाबांना म्हणाली, "पुढची कव्हा हाये? माहा धान कापाले येईन. त्या हिसोबानं सांगजा."